पाणी घालू नये

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात गजभियांच्या घरामागे जी जागा होती, तिला बाग म्हणायला जीभ धजत नसे. दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद, आणि त्यातला निम्मा भाग शेजारच्या तोसबाईंच्या बीचच्या झाडानं गिळलेला. झाड तोसबाईंसारखंच जुनं आणि कुणाचा मुलाहिजा न ठेवणारं. ऊन तर ते खाली येऊ द्यायचंच नाही, पण पाऊसही वरच्यावर झेलायचं, आणि चुकून जे चार थेंब जमिनीपर्यंत पोचायचे ते त्याची मुळं पिऊन टाकायची. लोकेशनं गुलाब लावला, तो गेला. मोगऱ्याची कुंडी ठेवली, तिनं पंधरा दिवसांत मान टाकली.

नेमक्या त्याच कोपऱ्यात त्याच्या बाबांची राख होती.

बळवंत गजभिये नागपूरला वीज मंडळात होते. रिटायर झाल्यावर, सात वर्षांपूर्वी, बायकोला घेऊन ते तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले आणि पाचव्या आठवड्यात वारले. राख नदीत सोडायची नाही, मातीत मिसळायची आणि वर झाड लावायचं, ही त्यांच्या घरातली रीत. वस्तीत ती पाडली बळवंतरावांनीच, स्वतःच्या वडिलांच्या वेळी, चार म्हाताऱ्यांशी भांडून. त्यामुळे काय करायचं हा प्रश्न नव्हता. अर्धी राख नागपूरच्या प्लॉटवर कडुनिंबाच्या रोपाखाली गेली, अर्धी इथं राहिली. इथं कुठं, तर ते रोज प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे त्या जागी. नागपूरच्या माणसाला सावलीची किंमत कळते. पण सावलीत झाड जगत नाही, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी गार्डन सेंटरमधल्या एका माणसानं विचारलं, “सावली, आणि वर माती कोरडी?” आणि पाच कंद हातावर ठेवले. चपटे, तपकिरी, कुणीतरी पाय देऊन दाबलेल्या बटाट्यासारखे. सायक्लामेन. “उथळ लावा, गुळगुळीत बाजू खाली. आणि उन्हाळ्यात पाणी घालू नका. तेव्हा ते झोपलेले असतात, कुजतात.” लोकेश इंजिनिअर माणूस. चिप बनवणारी यंत्रं जिथं जुळवतात तिथं त्याची नोकरी. सूचना मिळाली की त्याला बरं वाटायचं. त्यानं ती वहीत टिपून घेतली आणि पुढं कधी तपासली नाही.

या फुलाचं सगळंच उफराटं. जग फुलतं तेव्हा हे मातीत गडप. सप्टेंबर उजाडला, इतरांची पानं गळायला लागली, की हे पानांच्याही आधी फुलं काढणार. बोटभर उंचीची, गुलाबी, आणि वाऱ्यानं छत्री उलटी व्हावी तशा पाकळ्या मागे वळलेल्या. मग हिवाळाभर चंदेरी नक्षीची पानं. मे महिन्यात तीही पिवळी पडून जातात, आणि जून ते ऑगस्ट तिथं नुसती उघडी माती असते.

आणि लोकेशची आई, सुमती, यायची ती नेमकी याच दिवसांत. नातीला, सानिकाला, सुट्टी असते, थंडीत तिचे गुडघे आखडतात, आणि दसऱ्याला दीक्षाभूमी सोडून ती जगाच्या पाठीवर कुठं जायची नाही. व्हिसा नव्वद दिवसांचा. बाबा गेल्यापासून ती चारदा आली, आणि चारही वेळा नवऱ्याच्या जागेवर तिनं उघडी माती बघितली. लोकेश ऑक्टोबरमध्ये फोटो पाठवायचा. ती म्हणायची, “छान.” पण फोटोवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. असले फोटो नेटवर पोत्यानं मिळतात, असं नागपूरच्या शेजारणीनं तिच्या डोक्यात भरवलं होतं. एकदा तर फोनवर ती चेष्टेनं म्हणाली, “ते काही नाही बाबू, बाप दाखव नाही तर...” आणि म्हण अर्धवटच सोडली.

लोकेशला तेव्हाही काही वाटलं नाही. हे सांगायलाच हवं, कारण गोष्ट त्याची आहे. सात वर्षांत त्याला कशाचंच फारसं काही वाटलेलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. सायकलनं कामावर जायचा, वेळेवर परत यायचा, मुलीच्या शाळेतली एकही मीटिंग चुकवायचा नाही, बायकोला कांदा चिरून द्यायचा. फक्त दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळ्या अंगाचं झालं होतं. हिमानीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिली दोन वर्षं त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला. मग पालथ्या घड्यावर पाणी म्हणून तिनंही सोडून दिलं.

कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या कामाच्या जागी धुळीचा कणही चालत नाही. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा आणि फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा. आईबाबा आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं, “मला बारा वाजता फोन करा. आधी केलात तर नुसता वाजत राहील. आणि बारीकसारीक गोष्टींसाठी हिमानीला फोन करू नका, ती युट्रेख्टला ऑफिसमध्ये असते.” बोलला तो खेकसूनच. अँब्युलन्सचा नंबर सांगायचा राहून गेला. पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी सव्वादहाला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. बाबा म्हणाले, ॲसिडिटी आहे. आईनं ओव्याचं पाणी दिलं, आणि घड्याळ बघत बसली. बरोबर बाराला फोन केला. अँब्युलन्स नऊ मिनिटांत आली, पण तोवर सगळं संपलं होतं.

यावर आई त्याला कधी एका शब्दानं बोलली नाही. तोही काही बोलला नाही. दोघंही सात वर्षं मूग गिळून बसले.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. आईचे गुडघे बदलायचं ठरलं. ऑपरेशनची तारीख मिळाली पंधरा सप्टेंबर, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता एवढा लांबचा विमानप्रवास विसरा. म्हणजे ही शेवटची खेप. फोनवर तिनं त्याच्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. “मला एकदा ती फुलं माझ्या डोळ्यांनी बघायची आहेत रे. त्यांच्या उशाशी काही उगवते का नाही, एवढंच बघायचं आहे.”

लोकेशनं वही काढली. प्रत्येक वर्षीची पहिल्या फुलाची तारीख त्यात होती. सगळ्यांत लवकर नऊ सप्टेंबर, सगळ्यांत उशिरा एकवीस. ऑपरेशनआधीच्या तपासण्या दहापासून, त्यामुळे आईला आठला निघणं भाग होतं. एक दिवस कमी पडत होता. यंदा उन्हाळा लवकर ओसरला तर जमेल, असं मनाशी धरून त्यानं तिकीट काढलं. जमावं असं त्याला फार वाटत होतं असंही नाही. पण वाटत नसलं तरी जे करायचं ते करायचं, ही सवय त्याला लागली होती.

बारा जूनला आई आली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, लोकेशनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर ती तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात घेऊन, एकेक पाऊल टाकत बीचच्या झाडाकडे निघालेली. तो चपला न घालताच धावला आणि पातेलं धरलं.

“आई, तिथं पाणी घालायचं नाही.”

“काऊन?”

“कंद कुजतात. आता त्यांना कोरडंच ठेवायचं असतं.”

“तांदळाचं पाणी आहे रे. नागपूरला कडुनिंबाला मी हेच घालते. दोन माणसं उंच झाला तो.”

“कडुनिंब वेगळा. प्लीज, एक थेंबही नको. इतकी वर्षं सांभाळलंय मी.”

तो ओरडला नाही. त्याचा आवाज सपाट होता, नजर सपाट होती. आईनं पातेलं सोडून दिलं. तिच्या मनात काय आलं असेल ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. नवऱ्याच्या जागेवर घोटभर पाणी घालायलाही तिला मुलाची परवानगी लागत होती. पण लोकेशचं लक्ष कंदांत होतं.

संध्याकाळी त्यानं चार काठ्या ठोकल्या, सुतळीचं कुंपण केलं आणि एक पाटी लावली: पाणी घालू नये. सरकारी बागेत असते अगदी तशी.

“ही पाटी वाचणारं आहे कोण घरात?” हिमानी म्हणाली. “सानिकाला देवनागरी वाचता येत नाही. तोसबाईंना येत नाही. उरलो मी आणि आई. आणि मी काही पाणी घालत नाही.”

“सगळ्यांसाठीच आहे ती,” लोकेश म्हणाला.

आईनं पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. असल्या पाट्या लिहून लिहून तिचे हात झिजलेले. तिनं चष्मा लावून पाटी वाचली. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती सुतळीच्या बाहेर, तोसबाईंच्या कुंपणालगतच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायला लागली. सगळे आपापल्या कामाला गेले की एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन तासभर बसायची.

जुलै कोरडा गेला. ऑगस्टही कोरडाच. गवताचा रंग पोत्यासारखा झाला. लोकेश रोज संध्याकाळी सायकल लावली की आधी बीचखाली जाऊन उकिडवा बसायचा आणि माती बघायचा. मातीत काही नसायचं. एकदा सानिका त्याच्यामागून आली आणि खुर्चीतल्या आजीला म्हणाली, “आजी, देअर इज नथिंग देअर, यू नो.”

“आहे गं,” आई म्हणाली. “झोपले आहेत.”

सप्टेंबर लागला. एक तारीख गेली, चार गेली. सातला संध्याकाळी लोकेशनं अगदी गुडघे टेकून बीचची वाळकी पानं बाजूला सारली. काही नाही. आई खिडकीतून बघत होती. त्यानं नुसती मान हलवली, आणि ती आत वळली.

आठला सकाळी तो हॉलमध्ये काटा घेऊन बॅगा तोलत होता. तेवीस किलोच्या वर अर्धा किलो जात होतं, म्हणून तो चीजचं पाकीट एका बॅगेतून दुसऱ्या बॅगेत टाकत बसला होता. आई मागे वंदना म्हणून येते म्हणाली. तिला बराच वेळ लागला. परत आली तेव्हा पदर डोळ्यांना लावलेला होता, आणि दुसऱ्या हातात चष्म्याचं घर घट्ट धरलेलं होतं.

“झालं?” त्यानं विचारलं.

“झालं.”

“काही दिसलं का?”

“तू काल बघितलं ना?” आई म्हणाली. “मग.”

“चार-सहा दिवसांत येतीलच. मी फोटो पाठवतो.”

“पाठव.”

विमानतळावर व्हीलचेअर ढकलणारा माणूस आला. आईनं खुर्चीत बसल्या बसल्या हात वर करून लोकेशच्या गालाला लावला. तिची ही शेवटची खेप, जे बघायला आली ते न बघताच ती चालली होती, आणि हे सगळं त्याला नीट कळत होतं. तरी आत काही हललं नाही. पार्किंगची वेळ संपायला किती मिनिटं उरली, हे तो बघत होता.

ती गेल्यावर तो बागेकडे फिरकलाच नाही. दहाला पाऊस लागला आणि तीन दिवस पडला. चौदाला रविवार होता. कचऱ्याचा हिरवा डबा बाहेर काढायला म्हणून मागे गेला आणि थांबला. फुलं आली होती. तोसबाईंच्या कुंपणालगतच्या कोपऱ्यात चांगली दहा-बारा, भरभरून. बाकी जागेत नुसती टोकं मातीतून नाक काढत होती. त्या कोपऱ्यालाच एवढी घाई का, असा प्रश्न त्याला क्षणभर पडला, मग त्यानं तो सोडून दिला. फुलं चांगली येतील असा कोन धरून फोटो काढला आणि पाठवला.

“छान,” आईचं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ते नीट झालं.

पुढच्या रविवारी तो पाटी काढत होता, तेव्हा कुंपणाच्या वर तोसबाईंचं डोकं आलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई, शिडीवर चढून कुंपणाची झाडी छाटत होत्या. हात करून म्हणाल्या, “तुमचीच फुलं माझ्याकडेही झालीत, बघितलीत का? बिया मुंग्यांनी आणल्या. मी फक्त राहू दिलं.”

लोकेशनं टाचा उंचावून पाहिलं. पलीकडे बीचच्या बुंध्याभोवती गुलाबी सडा होता, आणि त्यातली कितीतरी फुलं तर होऊन गेलेली.

“तुमची कधी आली?” त्यानं विचारलं.

“ऑगस्ट संपता संपता. तुमची फार उशिरा आली यंदा. पाणी नाही का घातलंत?”

“उन्हाळ्यात घालायचं नाही ना.”

“जून-जुलैत नाही. ऑगस्टच्या मध्यावर दोन झाऱ्या घालायच्या. आभाळातून पडलं नाही तर आपण घालायचं. पाणी लागलं की समजतात ते, उठायची वेळ झाली.” त्यांनी कात्री थांबवली. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. एवढं कुंपण वगैरे घातलंत, पाटी लावलीत.”

इथली माणसं खरं बोलताना समोरच्याचं तोंड बघत नाहीत. तोसबाई परत झाडी छाटायला लागल्या.

लोकेश पाटी हातात धरून उभा राहिला. दोन झाऱ्या. आई जूनमध्येच पातेलं घेऊन निघाली होती, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं काढून घेतलं. तेव्हा त्याचं बरोबर असेलही. पण ऑगस्टमध्ये? ऑगस्टमध्ये ती रोज इथं खुर्ची टाकून बसत होती, आणि तिच्यापुढे त्याची पाटी होती. तिनं जन्मात एक गोष्ट मागितली, ती त्यानं सुतळी बांधून अडवून ठेवली. त्याच्या छातीत काहीतरी दुखलं. इतक्या दिवसांनी दुखलं की आधी त्याला ते ओळखताच आलं नाही.

त्यानं तिथूनच फोन लावला. नागपूरला दुपार होती. बहिणीनं, हर्षानं, उचलला आणि आईच्या कानाला लावून दिला.

“बोल रे. पाय उशीवर ठेवून पडली आहे. दुखून राहिला आहे, पण बरी आहे मी.”

“आई, माझं चुकलं.” पुढचं कसं बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. “ऑगस्टमध्ये पाणी घालायला पाहिजे होतं. घातलं असतं तर तू असताना फुलं आली असती. मी अर्धवट ऐकलं आणि तुला घालू दिलं नाही. तुला बघायला मिळालं नाही ते माझ्यामुळे.”

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

“घातलं मी,” आई म्हणाली.

“काय?”

“पाणी. ऑगस्टभर घातलं. तुम्ही सगळे गेले की पेल्यातलं घालायची. वाकता येत नव्हतं, म्हणून खुर्चीजवळच्या कोपऱ्यातच. माती पार तडकली होती रे. बघवेना मला.” मग हळूच म्हणाली, “निघायच्या दिवशी सकाळी एक आलं होतं. एवढंसं, गुलाबी. कुंपणाला चिकटून. मी बघितलं.”

“तू बघितलंस?”

“बघितलं, अन् तोडून घेतलं. चष्म्याच्या घरात घालून आणलं इथपर्यंत. ह्यांच्या फोटोपुढे ठेवलं होतं.”

लोकेशला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच. “मी विचारलं होतं ना तुला, काही दिसलं का म्हणून? मग सांगितलं का नाहीस?”

“भीती वाटली.”

“कुणाची?”

“तुझी. आणखी कुणाची?” आई अगदी साध्या आवाजात म्हणाली. “तू ओरडत नाहीस. ओरडलास तर बरं वाटेल मला. तू नुसता बघत राहतोस. मला वाटते, आपण परत काहीतरी चुकलो.”

त्यानं हातातली पाटी मातीवर ठेवली. तिला वाटलं फोन कट झाला. “आहेस का?”

“आहे.”

“मग ऐक. त्या मंगळवारी मी पावणेदोन तास घड्याळापुढे बसून होती. ह्यांचा हात गार पडत चालला होता, माझ्याच हातात होता तो, अन् मी काटा बघत होती. लोकेशनं बारा सांगितले आहेत, म्हणून. तोसबाईचं दार वाजवलं असतं तरी चाललं असतं. भाषा कशाला लागते त्याला? पण नाही उठली. पोरगं रागावेल म्हणून नाही उठली. ते माझंही आहे, लोकेश. तुझ्या एकट्याचं नाही. तू एकटाच घेऊन बसला आहेस ते.” तिनं श्वास घेतला. “तेव्हा तुझं ऐकलं. म्हणून यंदा ठरवलं, या पोराचं ऐकायचं नाही.”

लोकेश ओल्या मातीवर खाली बसला. त्याला रडू आलं. सुरुवातीला नुसता घशातून आवाज आला, मग ते आवरेना. हिमानी हातात उलथनं घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. शिडीवरची कात्री बंद पडली.

“आई, तू पड आता,” तो कसाबसा म्हणाला. “पाय दुखतोय तुझा. मी नंतर करतो फोन.”

“रड,” आई म्हणाली. “मी काही फोन ठेवत नाही.”